बोया माळ्यावर

रविवार, ३० नोव्हेंबर

दोरी आज परत अडकली. मोसमाच्या पहिल्याच दिवशी!

दशमी होती. दहाला पाऊणने गुणलं की साडेसात – म्हणजे साडेसातची भरती. हा हिशेब ह्या घरात माझ्याकडे. दहावीला गणितात एकोणसत्तर होते, ते असे कामाला येतात. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी, गाळ खाली बसतो, तळ दिसतो. त्यात रविवार जुळायला हवा. अख्ख्या हिवाळ्यात सहा-सात दिवस मिळतात, फार तर.

पहाटे चारला ह्यांनी आणि मी घणसोली सोडली. ह्यांचे जोडीदार खलीलभाई पळस्पे फाट्याला बाइक लावून आमच्या व्हॅनमध्ये बसले. रेवदंड्याच्या पुढं, त्यांच्या मामाच्या गावाखाली तो लांब कातळ आहे, तिथं. ते दोघं पाण्यात, मी कातळावर, हातात माळ. पाच वर्षं असंच चाललंय.

हे श्वास धरून खाली जातात आणि मासा मारतात. पाठीवर हवेची टाकी वगैरे काही नाही. हातात लाकडी बंदूक – रबर ताणायचं, सोडलं की सळई सुटते. बंदुकीला लांब दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला बोया. तो वर तरंगतो. शेंदरी रंगाचा, त्यावर माझ्या जुन्या ब्लाउजच्या कापडाचं निशाण. हे खाली पुढं जातील तसा तो वर मागोमाग जातो, गाईमागं वासरू जावं तसा. बोया आहे तिथं हे आहेत. मी मणी ओढते. चाळिसाव्या मण्याला डोकं वर येतं. कधी पंचेचाळीस. पन्नासच्या पुढं आजवर गेलेलं नाही.

आज बोया एका जागी थांबला, नुसती मान हलवत. माझे मणी अठ्ठेचाळीस. मग हे वर आले ते शिव्या देतच. दोरीनं कालवांच्या खडकाला वेढा घेतला होता. चांगला हातभर तांब मासा होता म्हणे, तो सळईवरून सुटून गेला.

व्हॅनमध्ये सगळा वेळ तोच विषय. “ती दोरी नाय, लोढना हाय गल्यातला,” हे म्हणाले. खलीलभाई म्हणाले, मग रीळ लाव ना. शिवणाच्या मशीनला असतं तसंच, बंदुकीखाली बसवायचं. दोरी त्याच्यावर गुंडाळलेली, लागेल तेवढी सुटते. बोयाची गरजच नाही.

मी विचारलं, मग वर काय असतं?

“वर काय असायचं, वहिनी? मासा खाली असतो.”

सगळे हसले. मीपण. घरी येऊन आंघोळ करताना ते वाक्य परत आठवलं. वर काहीच नाही.


मंगळवार, २ डिसेंबर

ह्यांच्या डोक्यातून रीळ जात नाही. महाप्याहून कंपनीतून आले आणि चहा घेता घेता कागदावर चित्रं काढत बसले. फिटर आहेत, त्यामुळे काहीही करता येतं असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा येतंही.

बंदूकसुद्धा त्यांनीच केली. तळवलीचं माझं माहेरचं घर बिल्डिंगसाठी पाडलं, तेव्हा भावांनी दाराची चौकट मला दिली. सागवान. दोन वर्षं बाल्कनीत उभी होती, तिच्यावर कपडे वाळत घालायचे. मग ह्यांनी एक बाजू कापून बंदूक केली. वडील ज्या लाकडाला टेकून विडी ओढायचे ते आता समुद्रात जातं. मी दर खेपेला गोड्या पाण्यानं धुते, तेल लावते.

रिळाचं नीट विचारून घेतलं. समजल्याशिवाय नको म्हणणं बरोबर नाही. बोयाची दोरी खडकाला अडकते, लोकांच्या जाळ्यांना अडकते. भरतीची ओढ बोयाला लागते आणि तो माणसाला मागं खेचतो, दमवतो. हे पुढच्या महिन्यात एक्कावन्नचे होतील. रिळाला हे काही नाही – माणूस मोकळा. आणि बोयाच्या बाजूनं? होडीवाल्यांना दिसतो, दमलं तर धरून थांबता येतं. मासा जड निघाला तर बंदूक हातातून सोडून वर यायचं, बोया ती बुडू देत नाही, मग सावकाश दोरी ओढायची.

आणि मला दिसतो. हे मात्र मी बोलले नाही. हा मुद्दा आहे की नुसती भीती, ते ठरेना.


गुरुवार, ४ डिसेंबर

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. संध्याकाळी खलीलभाई रीळ घेऊन आले. घट दिसला तसे दारातच चप्पल काढून बाजूला बसले, प्रसाद घेतला. त्यांच्या बायकोनं, शमसुन्निसानं सांदणं पाठवली होती, ती सोनलनं लगेच पळवली. माझा उपास.

रीळ छोटंसं, काळं. दोघं बाल्कनीत दोन तास ते बसवत होते. चाळीस हात दोरी गुंडाळली. सोनल फोनवर काही काही बघून मधेच सूचना देत होती. “पप्पा, ह्यात म्हणतायत नवीन माणसानं रीळ वापरू नये.” हे म्हणाले, मी काय नवीन हाय? ती म्हणाली, रिळाला नवीनच ना.

मुलगी माझ्यावर गेलीय थोडी.


शनिवार, ६ डिसेंबर

बोया पुसून, दोरीचं वेटोळं करून माळ्यावर ठेवला. सोनलच्या पाळण्याशेजारी.


रविवार, १४ डिसेंबर

घरी आल्याबरोबर आधी हे लिहितेय.

दशमीच होती परत, वद्य. पाणी काचेसारखं. दोघं उतरले. मी माळ घेतली आणि बघायला लागले – आणि बघायला काही नव्हतंच! नुसतं पाणी. कुठं बघू? डोकी वर आली की दिसायची, कधी डावीकडे, कधी पार उजवीकडे, गेली की संपलं. कोण कुठलं तेही लांबून कळेना. चाळीस मणी झाले की डोळे सगळीकडे फिरवायचे. देवीचं नाव तोंडात, पण जप होत नव्हता, नुसती मोजणी.

दहाच्या सुमारास एक इंजिनाची होडी कातळाच्या कडेनं आली. सरळ. पाण्यावर एकही डोकं नव्हतं. म्हणजे दोघंही खाली. मी उभी राहिले, शाल काढून हलवली, ओरडले. होडीवाला म्हातारा, त्याला वाटलं मला काही झालंय. इंजिन बंद करून विचारतो, “काय झाला, बाय?” मी पाण्याकडे बोट दाखवत राहिले. तेवढ्यात हे वर आले. होडीपासून पंधरा-वीस हातांवर. होडी तशीच आली असती तर ती बरोबर तिथंच असती.

म्हाताऱ्यानं ह्यांना आईवरून शिवी दिली. मला बरं वाटलं.

व्हॅनमध्ये मी एवढंच विचारलं, दोघं एकदम खाली का? खलीलभाई बोलले. “चूक झाली वहिनी. एक खाली तर एक वर, हा नियमच हाय रिळाचा. पानी चांगलं होतं, आमी लालूच केली.” सरळ माणूस. चूक झाली तर चूक म्हणतो.

ह्यांचं मात्र उलटंच. बोया असता तरी म्हातारा काय बघणार होता, त्याला डोळे आहेत का. पळस्प्याला खलीलभाई उतरल्यावर, पनवेल आलं तेव्हा रस्त्याकडे बघतच बोलले –

“तू वर बसून मोजतेस ना, ते मना खाली ऐकू येतं. चालीस झालं, आता घाबरली असंल. मासा समोर असतो आनि मी तुजे मणी मोजतो.”

पाच वर्षांत हे कधी बोलले नव्हते.


सोमवार, १५ डिसेंबर

सकाळी पूजा झाल्यावर ह्यांना देव्हाऱ्यासमोर बोलावलं. कामावर जायच्या घाईत होते. म्हटलं, टाकांवर हात ठेवा. आधी हसले. मग माझं तोंड बघून हात ठेवला.

“एकटा पान्यात जानार नाय.”

पुढं बोला म्हटलं.

“खलील वर असंल तेवाच मी खाली. आता डबा देतेस का?”

सोनल तोंडात ब्रश घेऊन उभी होती. “आई, हे ब्लॅकमेल आहे.” असू दे म्हटलं.

एकवीरा आईची शपथ आहे. ती मोडली तर काय होतं ते आजीनं लहानपणी सांगितलेलं, ते मी ह्या पानावर लिहीत नाही. पण आज दिवसभर हलकं वाटलं. बोया दिसत नसला तरी चालेल. त्याच्याऐवजी आई आहे.


बुधवार, १७ डिसेंबर

ठरवलं – मी आता जाणार नाही. मी वर बसून त्यांचा जीव खालपर्यंत टांगते आणि माझा जपही होत नाही. दोघांचंही नुकसान. ह्यांना सांगितलं. “येऊ नको असं मी नाय म्हनलो हां,” म्हणाले. पण चेहरा मोकळा झाला.


गुरुवार, २५ डिसेंबर

दूध, गॅस, सोनलची परीक्षा फी – सगळं लिहून झालं. देवळात पोथी लावलीय, रविवारी सकाळी जाणार. रविवार आता माझाही.


रविवार, २८ डिसेंबर

शुद्ध अष्टमी. आठाला पाऊणने सहा. सहाची भरती, साडेतीनला उठले. सहा तांदळाच्या भाकऱ्या, तीन ह्यांच्या, तीन खलीलभाईंच्या. वाल, आणि सुकटाची चटणी, ती खलीलभाईंना फार आवडते. व्हॅन गेली आणि घरात शांत शांत. सोनल झोपलेली.

देवळात गेले. पोथी ऐकत होते, पण नऊच्या पुढं कान तिथं राहिला नाही. घरी आले. कणीक मळली, परत झाकून ठेवली. एक वाजून दहा मिनिटांनी फोन – निघालो. मग पोळ्या लाटल्या.

दोन तांब आणले. केवढे! खलीलभाईंचा वाटा? म्हणाले, देऊन आलो. डबा लख्ख रिकामा. मार्गशीर्ष संपलाय, मीही खाल्लं. पाच वर्षांत पहिल्यांदा असं झालं की मासा बघून मला आधी मासाच दिसला, ते खाली किती वेळ होते ते नाही.


रविवार, ४ जानेवारी

पौर्णिमा काल झाली. उधाणाचं पाणी, गढूळ. हे घरी. दिवसभर रिळाला तेल देणं चाललं होतं.


रविवार, ११ जानेवारी

उजव्या तळव्याला मोठी चीर पडलीय. दोरीची. रुमाल बांधून आले, तो सगळा लाल. खलीलभाईंनी बांधला का विचारलं, हो म्हणाले. गाठ अगदीच कशीतरी मारलेली. सोडवायला कात्री लागली. हळद लावली, डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शन झालं.

आणि गोबरा. मोठा, काळपट, मांडीएवढा. कापायला बाथरूममध्ये बसावं लागलं.

जेवताना सांगितलं. चार पुरुष खोल पाण्यात कपारीच्या तोंडाशी होता. सळई बसली आणि तो आत घुसला. रीळ सुटत गेलं, सुटत गेलं, सगळी चाळीस हात दोरी संपली. ह्यांनी दोरी हाताला वेढली आणि पाय खडकाला लावून ओढली. सोनलनं विचारलं किती वेळ. म्हणाले, मोजलं नाय. वर आलो तेवा डोल्यासमोर काजवे होते.

मी म्हटलं, सोडायची ना बंदूक. बोया असता तर सोडलीच असती.

“सोडली असती. मग घरी आल्यावर तू विचारलं असतंस – बंदूक कुठं?”

सोनल हसली. हेही हसले. मी पाणी आणायला म्हणून उठले आणि ओट्याशी उभी राहिले.


मंगळवार, १३ जानेवारी

भोगी. तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या, मिसळीची भाजी.

लिहायचं ते लिहून टाकते. तीन वर्षांपूर्वी ह्यांनी पाण्यात सुरी हरवली. साधी सुरी. त्यानंतर मासे साफ करायला बसले की मी म्हणायचे, ती सुरी असती तर बरं झालं असतं. रागानं नव्हे, नुसतं. दर वेळी. दीड वर्ष तरी म्हणत होते. पाण्यातल्या चष्म्याचा पट्टा तुटला तेव्हा – सांभाळून वापरता येत नाही का. चप्पल वाहून गेली तेव्हा – एक तरी आणायची. मला हे वाया घालवणं बघवत नाही. आमच्याकडं लहानपणी मिठागरात काम करणाऱ्या माणसांनी घर चालवलं, एक दोरीसुद्धा कुणी टाकली नाही. ते माझ्या हाडात आहे आणि त्यात चूक काय असं मला कायम वाटत आलं.

पण चार पुरुष खोल पाण्याखाली, श्वास संपत आलेला, आणि माणूस कशाचा विचार करतो – बायको विचारेल!

मणी ऐकू येतात म्हणाले होते. मी कातळावर नव्हते त्या दिवशी. तरी ऐकू आलेच.

खलीलभाई वर होते म्हणून. नाहीतर ओढत बसले असते.


बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना बोलणार होते. सोनलचे मित्र आले, राहिलं.


सोमवार, १९ जानेवारी

आजही राहिलं. सोपं वाक्य आहे, पण माझ्या तोंडात बसत नाही. बंदूक पुसताना वडिलांच्या दाराची कड हाताला लागते. तिथं अजून कडीची खूण आहे.


शनिवार, २४ जानेवारी

बोलले.

हे उद्याची तयारी करत होते. रबर तपासत होते. मी शेजारी बसले, त्यांच्या हाताची खपली बघितली. मग म्हटलं –

“बंदूक गेली तर जाऊ दे. मी कधी विचारणार नाही.”

ह्यांनी वर बघितलं नाही. “तुज्या बापाच्या दाराचं सागवान हाय.”

“माहीत आहे.”

“मग बोलतेस कसं?”

“बोलले ना आता. दोरी संपली की हात उघडायचा. रिकामे या.”

बराच वेळ रबर ओढून सोडत बसले. मग बरं म्हणाले. नुसतं बरं. उठताना माझ्या गुडघ्यावर हात टेकून उठले, जड हात, भाजलेल्या भाकरीसारखा खरखरीत.


रविवार, २५ जानेवारी

रथसप्तमी. सातचे सव्वापाच, म्हणून हे तीनलाच गेले, सहा भाकऱ्या घेऊन. उजाडल्यावर मी गच्चीत सूर्याची रांगोळी काढली, गोवरीवर दूध उतू घातलं. दूध पूर्वेला उतू गेलं.

दुपारी रिकाम्या हातानं आले. चेहरा मात्र लग्नाला जाऊन आल्यासारखा. मोठा मोदुसा लागला होता, त्यानं दोरी नेली, ह्यांनी हात उघडला! खरंच उघडला. वर येऊन दम खाल्ला. मग खाली बघितलं तर मासा सळईवरून सुटून गेलेला आणि बंदूक तळाला, वाळूवर, तशीच पडलेली. परत जाऊन उचलून आणली.

“तू नाय बोलली असतीस तर मी सोडली नसती,” म्हणाले. मी उठले. पिठलं टाकलं. रविवारी पिठलं बघून सोनल वैतागली. आम्ही दोघांनी पोटभर खाल्लं.

आता मला रिळाची भीती नाही. खरंच नाही. बोया मला दिसायचा, पण बोयाला मी दिसायचे नाही. आता ते मोकळे आहेत, मीही आहे, वर खलीलभाई आहेत, आणि शपथ आहे. इतकं पुरे.


शुक्रवार, ३० जानेवारी

बिल्डिंगमधल्या बायकांचं हळदीकुंकू. चाळीस जणी आल्या. पाय दुखतात.


बुधवार, ४ फेब्रुवारी

येत्या रविवारी सप्तमी. ह्यांनी परवापासून मला तीनदा विचारलं, भरती किती वाजता. तीनदा सांगितलं. हिवाळ्यातला हा शेवटचा चांगला रविवार असेल म्हणाले.


शनिवार, ७ फेब्रुवारी

दुपारी शमसुन्निसाचा फोन. नेहमीसारखी हसत. “गोजराताई, तुमच्या भाकरीसाठी रडतोय इथं हा माणूस. दोन महिने झाले ना! नाताळापासून यार्डात रविवारची पाळी लागलीय, मार्चपर्यंत सुटका नाही. भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, मग मीपण थांबतो, पुढच्या वर्षी बघू. आता रविवारी घरी बसून डोकं खात असतील तुमचं?”

हो म्हटलं. खातात.

फोन ठेवून खाली बसले. तीन रविवार हे एकटे. गोबऱ्याच्या दिवशी वर कुणीच नव्हतं. निदान बोया तरी न्यायचा – पण माळ्यावरून काढला असता तर एकटे जातात हे मला कळलं असतं. शपथ घातली मी, आणि त्या शपथेपायी ते चोरून एकटे गेले आणि बोयाशिवाय गेले.

ह्यांना काही बोलले नाही. संध्याकाळी दिवा लावून टाकांवर माझा हात ठेवला. म्हटलं, आई, ती शपथ मी बळेच घ्यायला लावली. त्यांच्याकडून मोडली ती माझ्या खात्यावर घे. मी सोडवली.

हे आत्ता झोपले. गजर तीनचा लावलाय. मी अडीचचा लावला. आंघोळ उरकून, त्यांच्या आधी खाली जाऊन व्हॅनमध्ये बसणार.